‘नायक’ : एका रात्रीचा प्रवास आणि मागे राहिलेले आयुष्य

कादंबरीकाराला भूतकाळाविषयी लिहावयाचे असेल, तर भाषेतील क्रियापदांचे काळ त्याच्या हाताशी असतात. ‘तो गेला होता’ एवढे म्हटले की वाचक मागे जातो. चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. पडद्यावर जे दिसते ते, कालचे असो वा वीस वर्षांपूर्वीचे असो, प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे त्याच क्षणी घडत असते. त्यामुळे एखाद्या माणसाच्या मनात साचून राहिलेला भूतकाळ चित्रपटात कसा आणावयाचा, हा दिग्दर्शकापुढील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. तो भूतकाळ सुखाचा असेल तर काम त्या मानाने सोपे असते. परंतु ज्या गोष्टी माणसाने स्वतःपासूनही लपविल्या आहेत, ज्यांची आठवण झाली की त्याला मान खाली घालावी लागते, त्या गोष्टी पडद्यावर आणावयाच्या तर केवळ तंत्राचे कौशल्य पुरत नाही. माणूस आपल्या गतायुष्याकडे केव्हा वळतो, कोणासमोर वळतो आणि वळल्यावर त्याला काय लाभते, याचाही विचार दिग्दर्शकाला करावा लागतो.

भारतीय चित्रपटांत या प्रश्नाचा ज्यांनी गंभीरपणे विचार केला, त्यांत सत्यजित राय यांच्या ‘नायक’ या बंगाली चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे. हा चित्रपट १९६६ साली प्रदर्शित झाला. त्यापूर्वी राय यांचे बहुतेक चित्रपट साहित्यकृतींवर आधारलेले होते. ‘पथेर पांचाली’ (१९५५) आणि ‘अपराजित’ (१९५६) या चित्रपटांना विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्यांचा आधार होता. ‘चारुलता’ (१९६४) रवींद्रनाथांच्या कथेवर बेतलेला होता. स्वतःच्या कल्पनेतून संपूर्ण पटकथा राय यांनी प्रथम लिहिली ती ‘कांचनजंघा’साठी, १९६२ मध्ये. ‘नायक’ ही त्यांची दुसरी स्वतंत्र पटकथा होय.

कथानक

कथानक थोडक्यात असे आहे. अरिंदम मुखर्जी हा बंगाली चित्रपटसृष्टीतील सर्वांत लोकप्रिय नट आहे. दिल्लीला एक मानाचा पुरस्कार स्वीकारण्यासाठी त्याला जावयाचे आहे. विमानात जागा न मिळाल्यामुळे तो कलकत्त्याहून रेल्वेने निघतो. त्याच दिवशीच्या वृत्तपत्रात एका क्लबमध्ये झालेल्या मारामारीत तो गुंतल्याची बातमी आली आहे, आणि नुकताच प्रदर्शित झालेला त्याचा चित्रपट पडणार अशी चिन्हे दिसत आहेत. सुमारे चोवीस तासांचा हा प्रवास म्हणजेच चित्रपटाचा सारा वर्तमानकाळ.

गाडीतील उपाहारगृहात त्याची अदिती सेनगुप्ता या तरुणीशी गाठ पडते. ती ‘आधुनिका’ नावाचे स्त्रियांचे एक नियतकालिक चालविते. चित्रपटातील नटांविषयी तिला फारसा आदर नाही; परंतु या नटाची मुलाखत मिळाली तर नियतकालिकाचा खप वाढेल, हे तिला कळते. प्रारंभी अरिंदम तिला ठराविक, गुळगुळीत उत्तरे देतो. पुढे मात्र तो आपण होऊन तिच्याकडे येतो आणि आजवर कोणापाशी न बोललेले बोलू लागतो. या बोलण्यातून सात आठवणी आणि दोन स्वप्ने यांच्या द्वारा त्याचे मागील आयुष्य प्रेक्षकापुढे उलगडत जाते.

नोटांची वाळवंटे

अरिंदमला बोलते करणारी गोष्ट म्हणजे त्याला पडलेले पहिले स्वप्न. या स्वप्नात तो नोटांच्या ढिगाऱ्यांमधून चालत आहे. चहूकडे नोटांच्या टेकड्या आहेत आणि तो प्रसन्न आहे. इतक्यात टेलिफोनची घंटा वाजू लागते. पाहावे तो नोटांमधून हाडांचे हात वर आलेले आणि त्या हातांत टेलिफोन धरलेले. तो पळू लागतो, आणि पळता पळता दलदलीत रुतावा तसा नोटांमध्ये रुतू लागतो. समोर शंकरदा उभे असतात. तो त्यांना हाक मारतो, हात पुढे करतो. पण त्या हाताला आधार मिळत नाही आणि तो बुडून जातो.

काही समीक्षकांना हे स्वप्न फार उघड, फार सरळ वाटले. स्वप्नातील प्रतीके इतकी स्पष्ट नसतात, असा त्यांचा आक्षेप होता. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे स्वप्न एका चित्रपट-नटाचे आहे. ज्याचे सारे आयुष्य ठळक भावना आणि ठळक प्रसंग यांच्यात गेले, त्याची भीतीही ठळक रूपातच प्रकट व्हावी, हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. शिवाय स्वप्नाचे येथील कार्य गूढ निर्माण करणे हे नव्हेच. शंकरदांचे नाव त्याच्या ओठांवर आणणे, एवढेच त्याचे प्रयोजन आहे. हे नाव एकदा उच्चारले गेले की पुढचे सारे ओघाने येते.

तीन ऋणे

शंकरदा हे अरिंदमच्या वस्तीतील हौशी नाट्यमंडळाचे चालक. अरिंदमला अभिनयाची दीक्षा त्यांनीच दिलेली. चित्रपटाविषयी त्यांना मनापासून तिटकारा होता. रंगभूमीवर नट हा प्रेक्षकांसमोर उभा असतो आणि त्याचे काम त्याचे स्वतःचे असते; चित्रपटात मात्र तो दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक अशा अनेकांच्या हातांतील बाहुले बनतो, असे त्यांचे मत होते. दुर्गापूजेच्या विसर्जनाच्या दिवशी शंकरदांना अकस्मात मृत्यू येतो. त्यांची चिता जळत असतानाच चित्रपटात जाण्याच्या विचाराला अरिंदमच्या मनात निश्चित रूप येते. जन्म एकच आहे, मिळालेली संधी सोडणे शहाणपणाचे नाही, असा त्याचा युक्तिवाद असतो. त्या युक्तिवादात खोटे काही नाही. तरीही गुरूचा विरोध ज्या दिवशी संपला त्याच दिवशी आपण मोकळे झालो, हे शल्य त्याच्या मनात राहून जाते. स्वप्नातील शंकरदा त्याला वर काढत नाहीत, याचे मूळ येथे आहे.

दुसरी आठवण मुकुंद लाहिरी या जुन्या नटाची. अरिंदमच्या पहिल्या चित्रीकरणाच्या वेळी हा नामांकित नट त्याच्याबरोबर काम करीत होता. लाहिरींचा अभिनय रंगभूमीच्या वळणाचा, चढ्या आवाजाचा. कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हालचाल आवरती ठेवावी लागते, हे नवख्या अरिंदमला उपजतच समजलेले असते. सर्वांदेखत लाहिरी त्याचा पाणउतारा करतात. काही वर्षांनी काळ बदलतो. लाहिरींचे चित्रपट पडतात, कोणी विचारीनासे होते, आणि एका रात्री हा वृद्ध नट अरिंदमच्या दारी येऊन लहानशा भूमिकेची याचना करतो. अरिंदम त्याला रिकाम्या हाताने परत पाठवितो.

या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे की, येथे अपराध कोणाचा याचा निवाडा सोपा नाही. लाहिरींनी त्याला अपमानित केले होते हे खरे. जुनी अभिनयपद्धती मागे पडणार होती, हेही खरे. अरिंदमने कोणाला लुबाडले नाही की फसविले नाही. परंतु ज्या क्षणी त्याला उदार होता आले असते त्या क्षणी तो उदार झाला नाही. आणि आज स्वतःचा चित्रपट पडण्याच्या बेतात असताना दारात उभ्या असलेल्या त्या वृद्धाच्या जागी त्याला आपलाच चेहरा दिसू लागतो. लाहिरींची करुणा आणि स्वतःविषयीचे भय ही दोन्ही त्याच्या मनात एकाच वेळी जागी होतात, आणि त्यांपैकी कोणते अधिक आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

तिसरी आठवण मैत्रीची आहे. बीरेश हा त्याचा तरुणपणीचा मित्र कामगार चळवळीत काम करतो. अरिंदम प्रसिद्धीस आल्यानंतर तो एकदा त्याला मोटारीतून संपावर असलेल्या कामगारांकडे घेऊन जातो. चार शब्द बोल, एवढीच त्याची मागणी असते. अरिंदम मोटारीतून उतरतच नाही. आपल्या नावाला राजकारणाचा डाग लागेल, निर्माते बिथरतील, या भीतीने तो मित्राला गाडी परत वळवावयास सांगतो. या आठवणीत ना मृत्यू आहे ना याचना. बाहेर उन्हात उभी असलेली माणसे आणि मोटारीच्या काचेआड बसलेला एक घाबरलेला नट एवढेच दृश्य आहे. तरीही पहिल्या दोहोंपेक्षा ती अधिक बोचते, कारण येथे त्याला कोणतीही सबब उरत नाही.

आठवणींचा क्रम

राय यांच्या पूर्वीच्या चित्रपटांत कथा बहुधा काळाच्या ओघाप्रमाणे पुढे सरकते. अपूच्या जीवनावरील तीन चित्रपटांत बालपण, कुमारवय आणि तारुण्य ही क्रमाने येतात. ‘नायक’मध्ये मात्र ज्याला फ्लॅशबॅक म्हणतात त्या तंत्राचा, म्हणजे मागील प्रसंग मध्येच आणून दाखविण्याच्या पद्धतीचा, त्यांनी मुक्तपणे अवलंब केला आहे. हे तंत्र लोकप्रिय चित्रपटांतही सर्रास वापरले जाते. परंतु तेथे त्याचा उपयोग बहुधा प्रेक्षकाला ठाऊक नसलेली एखादी घटना सांगण्यासाठी होतो. अनाथ मुलाचा पिता कोण, खून कोणी केला, यांसारख्या कोड्यांची उत्तरे अशा दृश्यांतून मिळतात.

‘नायक’मध्ये असे कोडे नाही. अरिंदमच्या आठवणींतून कोणतेही रहस्य उघडकीस येत नाही. त्या ज्या क्रमाने येतात तो क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम तो गुरूविषयी बोलतो. ती आठवण दुःखद असली तरी तीत त्याची स्वतःची प्रतिमा फारशी डागाळत नाही. मग लाहिरींची, आणि पुढे बीरेशची. प्रत्येक पायरीवर तो स्वतःला थोडा अधिक उघडा करीत जातो. शेवटी उरते ती प्रमिला या स्त्रीची गोष्ट. चित्रपटात काम मिळविण्यासाठी ती एका रात्री त्याच्याकडे आली होती, आणि वृत्तपत्रातील मारामारीच्या बातमीचे मूळ तिच्याशी आलेल्या त्याच्या संबंधात आहे. दुसऱ्या स्वप्नात हा विषय डोकावतो. परंतु त्याविषयी अदितीला सांगण्याचे धैर्य त्याला मद्याच्या अमलाखेरीज होत नाही.

ऐकणारी व्यक्ती

गतायुष्याच्या वेदनेला सामोरे जाणाऱ्या माणसाची कथा सांगताना बोलणाऱ्याकडेच सारे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. ‘नायक’चे मोठेपण असे की, ऐकणाऱ्या व्यक्तीचा विचार त्यात तितक्याच काळजीने केलेला आहे. अदितीची भूमिका शर्मिला टागोर यांनी केली आहे. साधी वेशभूषा, डोळ्यांना चष्मा आणि बोलण्यात किंचित उपहास, असे या व्यक्तिरेखेचे रूप आहे. अरिंदम बोलत असताना प्रारंभी ती त्याच्या नकळत टिपणे घेते. एका प्रसिद्ध माणसाची दुर्बलता तिच्या कागदावर उतरत असते, आणि व्यवसायाच्या दृष्टीने तिला याहून मोलाचे काही मिळणे शक्य नसते.

मध्यरात्रीनंतर अरिंदम मद्य पिऊन गाडीच्या उघड्या दारापाशी उभा राहतो. खाली रूळ वेगाने मागे पळत असतात. आत्मघाताचा विचार त्याच्या मनाला स्पर्श करून जातो, हे शब्दांवाचून कळते. तो अदितीला बोलावून घेतो आणि प्रमिलेविषयी सांगू लागतो. या ठिकाणी ती त्याला थांबविते. पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही, आपल्याला समजले आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय असतो. तो आपल्या जागेवर परत जाईपर्यंत मात्र ती तेथून हलत नाही.

या थांबविण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बोलून टाकल्याने मन हलके होते, हा सर्वसाधारण समज आहे, आणि येथवर चित्रपटानेही त्याला पुष्टी दिली आहे. परंतु मद्याच्या धुंदीत, एका अपरिचित स्त्रीसमोर, सकाळी ज्याचा पश्चात्ताप होईल असे बोलणे हा कबुलीजबाब ठरतो काय? आणि ते ऐकणाऱ्याने पुढे त्याचे काय करावे? अदिती या प्रश्नांची चर्चा करीत नाही. ती फक्त ऐकण्याची मर्यादा ठरविते. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाहारगृहात ती आपली टिपणे फाडून टाकते. आता आठवणीतून लिहिणार काय, असे अरिंदम विचारतो; तेव्हा ते आठवणीतच ठेवीन, अशा अर्थाचे उत्तर ती देते.

लोकांना प्रसिद्ध व्यक्तीविषयी सारे जाणून घ्यावेसे वाटते, आणि वृत्तपत्रे ती भूक भागवितात. अरिंदमच्या आयुष्यातील सर्वांत घाणेरडी गोष्ट त्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापून आलेलीच आहे. परंतु ती छापली गेल्याने त्याला स्वतःविषयी काहीही कळलेले नाही. जे त्याला कळले ते एका अशा व्यक्तीसमोर बोलताना कळले, जिने ते छापावयाचे नाही असे ठरविले. भूतकाळाला सामोरे जाणे आणि भूतकाळ उघडा पाडला जाणे या दोहोंमधील अंतर या एका कृतीतून जितके स्पष्ट होते तितके ते एरवी पानोपानी विवेचन करूनही झाले नसते.

गाडी आणि तिच्यातील माणसे

बहुतेक सारा चित्रपट गाडीच्या डब्यांत घडत असला तरी प्रत्यक्ष चालत्या गाडीत त्याचे चित्रीकरण झालेले नाही. कलादिग्दर्शक वंशी चंद्रगुप्त यांनी हे डबे स्टुडिओत उभारले होते. खिडकीबाहेर मागे सरकणारा प्रदेश, डब्याची मंद हालचाल आणि चाकांचा आवाज यांचा मेळ इतका बेमालूम साधला आहे की, प्रेक्षकाला शंका येत नाही. छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे होते. ‘अपराजित’साठी स्टुडिओत काशीच्या घराचे अंगण उभारले, तेव्हा पांढऱ्या कापडावरून परावर्तित होणाऱ्या सौम्य प्रकाशाची पद्धत त्यांनी वापरली होती. ‘पथेर पांचाली’पासून राय यांच्यासाठी त्यांनी अनेक चित्रपट चित्रित केले, ‘नायक’ हा या दोघांनी मिळून केलेला शेवटचा चित्रपट ठरला.

काचेचा उपयोगही लक्षणीय आहे. स्थानकावर गाडी थांबते तेव्हा काचेपलीकडे चाहत्यांचे चेहरे गोळा होतात. त्यांचे ओठ हलतात, पण आवाज ऐकू येत नाही. अरिंदमच्या डोळ्यांवरील काळा चष्मा हीसुद्धा एक काचच होय.

गाडीतील इतर प्रवासी केवळ पार्श्वभूमीसाठी आणलेले नाहीत. जाहिरात-व्यवसायातील प्रीतीश सरकार हा एका उद्योगपतीकडून काम मिळावे म्हणून आपल्या पत्नीच्या सौंदर्याचा उपयोग करू पाहतो. अघोर चटर्जी हे वृद्ध गृहस्थ चित्रपटाला अनीतीचे आगर समजतात. एक स्वामी अध्यात्माच्या प्रसारासाठी जाहिरातदाराच्या शोधात आहेत. या साऱ्यांची देवाणघेवाण अरिंदमच्या व्यवसायाहून फार निराळी नाही, हे हळूहळू ध्यानात येते. त्याला निदान आपण काय विकले याची जाणीव आहे; इतरांना तीही नाही. उद्योगपतीची तापाने आजारी असलेली मुलगी मात्र त्याच्याकडे निर्मळ कौतुकाने पाहते, आणि तिच्याशी वागताना त्याच्या स्वभावातील मार्दव दिसते. त्यामुळे तो खलपुरुष ठरत नाही आणि प्रेक्षकाची सहानुभूतीही गमावत नाही.

नट आणि भूमिका

अरिंदमची भूमिका राय यांनी उत्तमकुमार यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. उत्तमकुमार (१९२६–१९८०) हे त्या काळी बंगालमधील सर्वांत लोकप्रिय नट होते. चित्रपटांत येण्यापूर्वी त्यांनी कलकत्ता बंदराच्या कचेरीत कारकुनी केली होती आणि हौशी नाटकांत कामे केली होती. त्यांचे प्रारंभीचे चित्रपटही अपयशी ठरले होते. चित्रपटातील कथा ही त्यांची जीवनकथा नव्हे. तथापि कीर्ती म्हणजे काय आणि ती जाण्याची भीती म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. लोकप्रिय नायकाच्या सहज, आत्मविश्वासपूर्ण हालचाली आणि त्यांच्या आड दडलेली अस्वस्थता ही दोन्ही त्यांनी एकाच वेळी दाखविली आहेत. चढ्या आवाजाच्या लाहिरींना जो संयत अभिनय अरिंदमने उत्तर म्हणून दिला, त्याचाच प्रत्यय उत्तमकुमार यांच्या कामातून येतो.

या संदर्भात स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) या चित्रपटाची आठवण अनेकांना होते. तेथेही एक यशस्वी माणूस, वृद्ध वैद्य इसाक बोर्ग, सन्मान स्वीकारण्यासाठी स्टॉकहोमहून लुंड या गावी निघतो, आणि वाटेत स्वप्ने व आठवणी त्याला घेरतात. साम्य उघड आहे. भेदही तितकाच मोलाचा आहे. बोर्ग आयुष्याच्या अखेरीस आला आहे, आणि त्याच्या वाट्याला शेवटी काहीशी शांती येते. अरिंदम ऐन भरात आहे. दिल्लीला उतरल्यावर त्याला तेच काम, तेच हसू आणि तोच चष्मा पुन्हा धारण करावयाचा आहे.

शेवट

दिल्लीच्या फलाटावर चाहते त्याला वेढतात, गळ्यात हार पडतात. अदिती त्याच गर्दीतून वाट काढीत निघून जाते. दोघे एकमेकांचा निरोपही घेत नाहीत. अरिंदम बदलला काय, यापुढे एखादा मुकुंद लाहिरी दारी आला तर तो त्याला आत घेईल काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही. जे घडून गेले ते पुसले जात नाही; शंकरदा परत येत नाहीत, आणि बीरेशच्या मोटारीतून उतरण्याची वेळ टळून गेली ती गेलीच. फरक पडला आहे तो एवढाच की, आजवर ज्या गोष्टी स्वप्नात येऊन त्याला भिववीत होत्या, त्यांची नावे त्याने जागेपणी घेतली आहेत.

१९६६ च्या बर्लिन महोत्सवात ‘नायक’चा गौरव झाला, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. चित्रपटसृष्टीविषयीचा एक चित्रपट म्हणून त्याची चर्चा नेहमी होते. परंतु ज्याचा चित्रपट-व्यवसायाशी काडीचाही संबंध नाही अशा प्रेक्षकालाही तो अस्वस्थ करतो, कारण दारातून परत पाठविलेला एखादा माणूस प्रत्येकाच्या आठवणीत असतो. त्याच्याविषयी कोणापाशी बोलावे, किती बोलावे आणि दुसरा बोलत असेल तर आपण कसे ऐकावे, हे ठरविण्यास या चित्रपटाची मदत होऊ शकते.